फुलवाती वळतो म्हणून घरचे हसतात. तुमचा असा हातचाळा कोणता?

बाळीवेसकर

मंडळी, विषय जरा विचित्र आहे. वय ४९, धंदा हिशेबाचा. महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की गिऱ्हाइकांचे फोन जेवणाच्या ताटापर्यंत येतात. जीएसटीवाले समजतील.

आमच्याकडे आत्या असते, वय ८१. तिने दोन वर्षांपूर्वी लक्षवातीचा (देवासाठी एक लाख वातींचा) संकल्प केला. ६९ हजार फुलवाती झाल्या आणि तिच्या अंगठ्याच्या सांध्याने संप केला. उरल्या ३१ हजार. बायको म्हणाली, विकतच्या आणून पुऱ्या करू. त्या दिवशी आत्या जेवली नाही. शेवटी एका रात्री वैतागून मीच कापसाचा डबा पुढ्यात ओढला. म्हटलं, दाखव कसं करायचं ते.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंजलेल्या कापसाचा बोराएवढा पुंजका घ्यायचा, त्यातली काडी, सरकीची टरफलं वेचायची. दोन्ही चिमटींनी तो हलकेच ओढत रुपयाएवढी चकती करायची. मध्ये जरा जाड, कडेला इतकी विरळ की खालच्या हाताच्या रेषा दिसाव्यात. मग कडा वर गोळा करायच्या, अंगठा आणि तर्जनीला भस्म लावायचं आणि शेंड्याला पीळ द्यायचा. एकाच दिशेने. हात चुकून उलटा फिरला की सगळं सुटतं. बूड सपाट बसलं पाहिजे, नाहीतर निरांजनात लवंडते. माझी पहिली वात बघून आत्या म्हणाली, "ही फुलवात का कोबीचा गड्डा?"

आता दोन महिने झाले. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं, साठेक वाती. बोटांना भस्म असतं, त्यामुळे फोन वाजला तरी उचलता येत नाही. सुरुवातीला जीव खालीवर व्हायचा. आता तो वाजतो आणि थांबतो. डोक्यात विचार येत नाहीत असं नाही, पण एखादा आला की तो नीट धरून बसेपर्यंत पुढचा पुंजका घ्यायची वेळ झालेली असते.

दुसरी गोष्ट जास्त नवलाची. मुलगा अकरावीत आहे. आमचं संभाषण म्हणजे "पेट्रोल भरलंस का?" महिन्याभरापूर्वी तो शेजारी येऊन बसला, कापसातली काडी वेचायला लागला आणि बोलता बोलता म्हणाला की त्याला सायन्स झेपत नाहीये. एरवी मी काय बोललो असतो ते मला माहीत आहे. पण हातात अर्धी वात होती. ती पुरी होईपर्यंत गप्प राहिलो, तेवढ्यात त्याने पुढचंही सांगून टाकलं.

तर विचारायचं हे की तुमचं असं काही आहे का, एकसुरी, साधं, हाताने करायचं? आणि त्यात मोजता का? आत्या १०८ ची पुडी बांधते. मला मोजायला लागलं की पुन्हा ऑफिसात बसल्यासारखं होतं.

कडकभाकरी

पहिला नंबर! सविस्तर प्रतिसाद भाकरी थापून झाल्यावर.

मालदांडी

काय करलालाव मालक, वाती वळलालाव? आमच्या गल्लीत कळलं तर नाव ठेवतील बे. 😀

गंमत सोडा. माझं ज्वारी निवडणं आहे. गावाकडून पोती येतात, बायको म्हणते मशीनमधून काढून आणा, मी ऐकत नाही. परातीत पसरायची, बोटाने चार-चार दाणे अलीकडे ओढायचे. खडा दिसला की असा आनंद होतो जसा काही सोन्याचा मणी सापडला. मोजत नाही. पोतं संपलं की संपलं.

अनुस्वार

मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात. माझा क्रोशा. तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर उलटं आहे: मोजल्याशिवाय क्रोशा होतच नाही. एक टाका चुकला की दहा ओळींनंतर रुमाल होडीसारखा वाकतो. पण मोजणं मला जाचत नाही, उलट त्या एक-दोन-तीन-चारमध्येच डोकं गार होतं.

मला क्रोशाने शिकवलं ते उसवणं. आधी चूक दिसली की मी ती झाकायचे, वरून फूल लावायचे. आता सरळ दोरा ओढते. सर्रकन चार ओळी जातात. बाजूला बसलेली बाई "अगं अगं" करते. मला काहीच वाटत नाही. हे घरी नवऱ्याशी भांडताना जमत नाही ही गोष्ट वेगळी.

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पुणे ते कुर्डुवाडी एक पूर्ण टोपी होते, हे प्रमाण.

खडूफळा

चर्चेचा धागा छान, पण एक शंका काढतो. बाळीवेसकर ज्याला मन शांत होणं म्हणतायत ती सजगता आहे की नुसती तंद्री? दोन्हींत फरक आहे.

मी इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसून आलोय. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, पहिले तीन दिवस फक्त नाकाखालून जाणाऱ्या-येणाऱ्या श्वासाकडे बघायचं. तिथे तुमच्या हाताला काहीही दिलेलं नसतं, मुद्दामच. गुडघा दुखतो तर तो दुखताना बघायचा. हाताला चाळा दिला की मन त्याच्याआड लपतं. वाती वळून बरं वाटतं, मान्य. पण बरं वाटणं आणि भान येणं एकच कसं?

तल्लीनतेचा धोका आपल्याकडे फार जुना आहे. तेरचे गोरोबाकाका. चिखल तुडवताना इतके तल्लीन झाले की पायाखाली स्वतःचं मूल आलं ते कळलं नाही.

कडकभाकरी

गोरोबाकाकांचं उदाहरण वातीच्या धाग्यावर! खडूफळा सर, कापसाखाली कोण सापडणार?

बाळीवेसकर

@खडूफळा, तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. काल मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं. ज्या रात्री तंद्री लागते त्या रात्री वाती बिघडतात. बूड वाकडं, पीळ सैल. हात सवयीने चालतो आणि मी मनातल्या मनात कुणाशी तरी भांडत असतो. चांगली वात व्हायची तर बोटाखाली कापूस किती आहे ते प्रत्येक वेळी कळावं लागतं, कारण कुठलेही दोन पुंजके सारखे नसतात. तेव्हा चाळ्याआड लपता येतं हे खरं, पण वात चुगली करते.

विपश्यना मला जमणार नाही. दहा दिवस फोन बंद ठेवला तर गिऱ्हाईक घरी येतील.

अधिक_उणे

गणित: एका वातीला २० सेकंद धरले तर एक लाखाला साधारण ५५५ तास. उरलेल्या ३१ हजारांना १७२. दिवसाला २० मिनिटं म्हणजे ५१७ दिवस. दोन महिने झाले म्हणताय, तरी अजून सव्वा वर्ष आहे. आत्यांना सांगितलंय का?

बाळीवेसकर

नाही. आणि तुम्हीही सांगू नका.

सुपारीकात्री

थोडं कडू बोलते, राग मानू नका. माझी सासू ४० वर्षं वाती, वस्त्रमाळा, त्रिपुरवाती करत आली. ७५० पदरांची त्रिपुरवात मोजून करायची, एक पदर कमी पडला तर पुन्हा पहिल्यापासून. तिला कुणी कधी म्हटलं नाही की बाई, तुझं मन किती शांत आहे. "रिकामटेकडी" म्हणायचे. पुरुषाने दोन महिने साठ-साठ वाती वळल्या की धागा निघतो आणि पन्नास प्रतिसाद येतात.

मालदांडी

ताई, बरोबर बोललाव. पण सध्या दहाच झालेत.

सुपारीकात्री

आता अकरा.

जुळेसोलापूर

आमच्याकडे लक्षवातीच्या वाती सुताच्या असतात, फुलवाती नाही. दोरा बोटांभोवती गुंडाळून जुड्या करतात. आत्यांनी फुलवातीचा संकल्प कसा काय केला?

बाळीवेसकर

घरोघरी वेगळं. आत्याला विचारलं तर "देवाला काय, उजेडाशी मतलब" म्हणाली. पुढे वाद घालायची माझी छाती नाही.

पूर्वभाग

बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. सुपारीकात्रींनी दार उघडलं म्हणून.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडे वाढले. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात माग, आणि प्रत्येक घरात विड्या. माझी आई वयाच्या नवव्या वर्षापासून विड्या वळायची. तुम्ही वाती वळता, ती विड्या. मराठीत क्रियापद एकच आहे म्हणून हा धागा वाचताना पोटात काहीतरी हललं.

कसं असतं ते सांगते. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी मांडीवर सूप. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचं पान कापायचं. तंबाखूची चिमूट, एक वळसा, तोंड नखाने आत दुमडायचं, दोरा. पंचवीसची जुडी. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, हजार होईपर्यंत. संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथला माणूस हाताने चाळायचा आणि मनाला येईल तेवढ्या नापास करून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत. कारखान्याचं नाव सांगत नाही, सगळीकडे तेच होतं.

बाळीवेसकर, तुम्ही लिहिलंत की मोजायला लागलं की ऑफिसात बसल्यासारखं होतं. आईचं आयुष्य ती मोजणी होती. तीच बोटं, तोच पीळ, तेच तासन् तास एकसुरी काम. तिला शांती मिळाली नाही. खोकला मिळाला. मला रात्री अभ्यासाला बसले की तंबाखूच्या वासाने शिंका यायच्या, आणि शाळेतून आल्यावर दोनशे पानं कापल्याशिवाय खेळायला सोडायची नाही.

तुमच्या आनंदावर पाणी ओतायचं नाही मला. मुलगा बोलला हे वाचून खूप बरं वाटलं. पण "साधं, एकसुरी काम केलं की मन मोकळं होतं" असं सरसकट वाचलं की आमच्या गल्लीतल्या बायका डोळ्यांसमोर येतात.

खडूफळा

नमस्कार तुमच्या आईंना.

निवांतराव

धागा चांगला चालला होता, आता गंभीर केला. प्रत्येक गोष्टीत शोषण शोधलंच पाहिजे का? छंद तो छंद, मजुरी ती मजुरी. विषय वेगळे आहेत.

सुपारीकात्री

निवांतराव, नाव शोभतं तुम्हाला.

धोटा

विषय वेगळे नाहीत निवांतराव, या गावात तरी नाहीत. इथे कापूस, सूत, धागा म्हटलं की कुणाचं तरी पोट त्याला बांधलेलं असतं. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानाने सांगतो, ती चादर कुणीतरी बारा-बारा तास उभं राहून विणतो.

माझे वडील यंत्रमागावर होते. मी लहानपणी सुताच्या कांड्या भरायचो. त्या आवाजात वाढलेल्या पोरांना एक गोष्ट माहीत असते: खटखट चालू असेपर्यंत झोप लागते, लाईट गेली की गल्लीतली सगळी तान्ही बाळं एकदम उठतात. वडिलांना मी एकदा विचारलं होतं, दिवसभर तेच तेच, डोक्यात काय चालतं? म्हणाले, "धागा तुटला की कळतं. बाकी वेळ मी नसतोच." आता ही तुमची सजगता की तंद्री ते खडूफळा सरांनी ठरवावं. मला वाटतं थकवा.

तरी त्यांनीच म्हातारपणी काय केलं? दारात बसून उरलेल्या रंगीत सुताच्या दोऱ्या वळल्या. कुणाला नको होत्या. शेजारच्या शेळ्यांना बांधायला देऊन टाकायचे.

अनुस्वार

@पूर्वभाग, एक विचारू? विड्या वळताना बायका एकत्र बसायच्या ना? माझ्या आजीच्या वाड्यासमोर बसायच्या. मला आठवतं, त्यांचं बोलणं, तेलुगूत, आणि मध्येच मोठ्याने हसणं. आम्ही पोरी खिडकीतून ऐकायचो, काही कळायचं नाही.

पूर्वभाग

हो, बसायच्या. चार-पाच जणी, कुणाच्या तरी ओसरीवर. सासूपासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं तिथे निघायचं, मान वर न करता. हे मी काल लिहिलं नाही कारण रागात होते. ते बोलणं खरं होतं. पण ते विड्यांमुळे होतं असं मी म्हणणार नाही. पाच बायकांना दिवसा एकत्र बसायला दुसरी कुठली परवानगी होती?

खडूफळा

हेच जात्याचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखावर आहेत. त्यात भाऊ आहे, विठ्ठल आहे, सासर आहे, मेलेलं लेकरू आहे. दळण काही छंद नव्हता. पहाटे उठून खांदे भरून यायचे. पण घर झोपलेलं, समोर एकच बाई, दोघींचा हात एका खुंट्यावर, आणि जात्याच्या घरघरीत शब्द बाहेर जात नाहीत.

मी माझं पहिलं म्हणणं अर्धं मागे घेतो. भान येतं का ते माहीत नाही, तोंड मात्र उघडतं. समोरच्याचे डोळे आपल्यावर नसतात म्हणून असेल. बाळीवेसकरांच्या मुलाचं तेच झालं.

केशाकर्षण

मधेच तांत्रिक. वातीला कुठला कापूस वापरता? मेडिकलमधला घेऊ नका असं सगळे सांगतात, कारण कुणी सांगत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. औषधी कापूस क्षारात उकळून, ब्लीच करून तो थर काढलेला असतो, म्हणून तो पाणी पटकन पितो. घरी करून बघा: पेल्यात दोन्हींचा एकेक बोळा टाका. औषधी कापूस लगेच बुडतो, कच्चा बराच वेळ तरंगतो. तुपाला मेणाचं वावडं नाही, त्यामुळे जळायला दोन्ही जळतात. खरा फरक वळताना. माझ्या हाताला तरी कच्चा कापूस पीळ जास्त चांगला धरतो, दुसरा भुसभुशीत लागतो.

मालदांडी

देवकापूस लावा की राव परसात. झाड होतं, वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या दारात आहे, बोंडं फुटली की आईच वेचते. बिया हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कडकभाकरी

मला हव्यात! आणि भाकरी झाल्या, आता प्रतिसाद.

माझ्यासाठी कडक भाकरी. साधी भाकरी नाही, कडक. पातळ थापायची, इतकी की परातीचा तळ जाणवावा, शेकायची, मग निखाऱ्याकडेने उभी करून वाळवायची. मी त्या विकते. दिवसाला शंभरेक. म्हणजे मी पूर्वभागच्या बाजूची झाले की बाळीवेसकरांच्या, तेच कळेना. विकायच्या शंभर करताना मी घड्याळ बघते. पण सगळ्यात शेवटी घरच्यासाठी पाच-सहा करते ना, त्या वेळी हात आपोआप हळू होतो. पीठ तेच, तवा तोच, कंबर तर अजून जास्त दुखत असते. तरी त्या पाच भाकऱ्या गोल होतात.

डॉ_पार्कचौक

दोन गोष्टी. एक, हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात यावर काम केलं. शब्द, प्रार्थना, श्वास किंवा शरीराची हालचाल, काहीही पुन्हा पुन्हा करत राहायचं आणि विचार आला की न चिडता परत तिथे यायचं. नाडी आणि श्वास मंदावतात. त्यात "न चिडता" हे महत्त्वाचं. हजाराचा आकडा आणि नापास करणारा माणूस डोक्यावर असेल तर शरीर उलट सावध अवस्थेत राहतं, त्यामुळे पूर्वभाग यांचं म्हणणं शरीरशास्त्राच्या बाजूनेही बरोबर आहे.

दोन, अंगठ्याच्या बुडाचा सांधा. आत्यांचा गेला, तुमचा जपा. वीस मिनिटांवर जाऊ नका, मध्ये हात झटका, आणि सकाळी अंगठा आखडलेला वाटला तर त्या दिवशी सुट्टी.

अधिक_उणे

म्हणजे ५१७ दिवसांचे ६०० धरा.

रंगीतपायघडी

मी रांगोळीवाली. सिद्धेश्वरच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, वाटेवर पायघड्या घालतो त्या टोळीत आहे. रात्रभर वाकून रंग सोडायचा, चिमटीतून, धार तुटू द्यायची नाही. सकाळी बाराबंदी घातलेले हजारो लोक त्यावरून जातात. पहिल्या वर्षी मी रडले होते. आता वाट बघते, कधी एकदा काठ्या येतात.

मोजायचं म्हणाल तर आम्ही पोत्यांत मोजतो.

शिवदास

सिद्धेश्वरांचं, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं, नाव आलंच आहे म्हणून. बाराव्या शतकात त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी तळं खणलं तेही टोपलीमागे टोपली मातीच उपसणं होतं. शरण (लिंगायत संत) त्याला कायक म्हणायचे. "कायकवे कैलास" (काम हाच कैलास) आपण फलकावर लिहितो, पण शरणांमध्ये दोर वळणारा नुलिया चंदय्या होता, विणकर दासिमय्या होता. कायकात काम आणि कमाई दोन्ही धरलेलं आहे, आणि कमाईतला वाटा दुसऱ्याला देणंही. छंद की मजुरी हा भेद त्यांच्याकडे तसा नव्हताच बहुतेक.

पूर्वभाग

शिवदास, वाटा देणं ठीक. पण वाटा द्यायला आधी नापास न होता पैसे मिळायला हवेत.

शिवदास

मान्य. निरुत्तर.

बाळीवेसकर

तीन दिवस कामात होतो (२० तारीख). सगळं आत्ता वाचलं.

पूर्वभाग, तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एक गोष्ट सांगितली जी मला ४९ वर्षांत माहीत नव्हती. आजोबा गेल्यावर दोन वर्षं तिने लोकांच्या घरच्या वाती करून दिल्या, शेकड्यावर. गल्लीत कळू नये म्हणून रात्री करायची. "तेव्हा पण १०८ च्याच पुड्या," म्हणाली, "देवाला १०८, मारवाड्याला १००. वरच्या आठ मी काढून ठेवायचे." त्या आठ-आठ जमवून तिने तिच्या आईचं व्रत पूर्ण केलं.

मोजणीचा प्रश्न मी ज्या तोऱ्यात विचारला होता त्याची जरा लाज वाटली. आता पुड्या मीच बांधतो, मोजून.

मुलाचं विचारत होते काही जण व्यनितून. बारावीपर्यंत सायन्सच करणार, पुढचं पुढे. रोज येत नाही बसायला. परवा आला, एक अक्षर बोलला नाही, वीस मिनिटं काड्या वेचल्या आणि उठून गेला.

निवांतराव

माझा आधीचा प्रतिसाद जरा तिरका होता. माझा छंद विचारला नाही कुणी, पण सांगतो: सायकलचे स्पोक पुसणे. कृपया हसू नये.

सुपारीकात्री

हसले. पण चांगल्या अर्थाने.

पूर्वभाग

बाळीवेसकर, आत्यांच्या आठ वाती वाचून मी पण एक गोष्ट केली. रविवारी आईकडे गेले होते, मंगळवार पेठेतून पाव किलो कापूस घेऊन. तिने विड्या सोडून सहा वर्षं झाली, हात रिकामा असला की ओढणीचं टोक वळत बसते. तुमच्या पहिल्या पोस्टमधली कृती वाचून दाखवली. तिने चौथ्या वातीत जमवली, आणि तुमच्यापेक्षा चांगली, सांगून ठेवते. फक्त बूड ती नखाने आत दुमडते, विडीचं तोंड दुमडतात तसं. त्यामुळे लवंडत नाही.

मग थांबून तिने मला विचारलं, "ऊरिकेना?" म्हणजे उगाचच? कुणी घेणार नाही? मी म्हटलं, उगाचच. तिला ते पटेना. पुन्हा विचारलं.

तरी केल्या. शेजारची काकू आली, तीही बसली. मी उठले तेव्हा पंचवीसच्या जुड्या बांधून झाल्या होत्या, दोऱ्याने. मन शांत झालं का म्हणून विचारलं, या धाग्यासाठी. म्हणाली, "ह्यात खोकला येत नाही."

कडकभाकरी

नखाने दुमडायचं ते नीट समजावून सांगाल का? फोटो टाकलात तर बरं.

बाळीवेसकर

मलाही हवंय. माझ्या अजून दहातल्या दोन लवंडतात.

मालदांडी

बियांसाठी सात व्यनि आलेत. बोंडं पाचच आहेत बे, जरा दम धरा.